‘धीर धरा’ म्हणून हात झटकणाऱ्यांना आमचा सवाल



शाखेच्या बैठकीत आम्ही एक विषय मांडला, तेव्हा आमच्याच एका जुन्या साथीने उभे राहून विचारले, “सेक्रेटरीसाहेब, युनियनचे काम पगार, प्रमोशन, क्वार्टर आणि बदली. लोकांच्या मनाचे काय ते त्यांचे सोयरे बघतील. आपण आता डोळे पुसायची सोसायटी काढायची का?” यावर खोलीत हशा पिकला. विषय होता कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईबापांचा. त्यांना कामावर, घरी आणि दवाखान्यात कोणाचा आधार मिळतो, आणि त्यात युनियनने काय करायचे, एवढाच. त्या हशात आमचे दोन-तीन पदाधिकारीही होते, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाहेरच्याशी भांडण्याआधी घरातल्याशी भांडावे लागते, म्हणून हा लेख.

सिहोरा हे जबलपूरपासून कटनीच्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. स्टेशनाचे नाव सिहोरा रोड. मुंबईहून इटारसी, जबलपूर, कटनी, सतना करीत अलाहाबादकडे, म्हणजे आताच्या प्रयागराजकडे, जाणारी ही जुनी मुख्य लाइन. 1870 साली जबलपूरला दोन्हीकडचे रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता गाडी सुरू झाली, तेव्हापासून या पट्ट्यात मराठी माणूस रेल्वेच्या नोकरीत आहे. 1 एप्रिल 2003 रोजी पश्चिम मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत आम्ही मध्य रेल्वेचेच होतो, मुंबईच्या हेडक्वार्टरचे. त्यामुळे भंडारा-गोंदियाकडची, खानदेशातली, नागपूरकडची कितीतरी घरे इथे तीन-तीन पिढ्या रुजली. पण दुखणे मोठे निघाले की याच माणसाला कळते की आपला गाव इथे नाही आणि तिथेही उरलेला नाही.

2022 सालच्या पावसाळ्यात आमच्या सेक्शनच्या एका ट्रॅकमनच्या सहा वर्षांच्या मुलीला ताप येऊ लागला. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला न्यायचे ठरले. युनियनने काय केले? आम्ही रेफरचा कागद लवकर काढून दिला, पास काढून दिला, शाखेतून वर्गणी जमवून बापाच्या हातात ठेवली आणि स्टेशनावर जाऊन गाडीत बसवून आलो. पाठीवर थाप मारून म्हणालो, “घाबरू नको, धीर धर.” आणि आपले कर्तव्य झाले असे समजून घरी येऊन जेवलो.

यानंतर काय झाले ते आम्हाला आठ महिन्यांनी कळले, आणि आठ महिन्यांनी कळले हीच आमची लाज आहे.

पहिला महिना बाप मुंबईत राहिला. मग रजा संपत आली, तो परतला. आई मुलीजवळ धर्मशाळेत. चार वर्षांचा धाकटा मुलगा बालाघाटला आजीकडे. असे एका घराचे तीन तुकडे झाले. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. दवाखान्यातले शब्द इंग्रजी, भोवतालची गर्दी देशभरची. रात्री फोनवर ती नवऱ्याला विचारायची, “मले सांगा जी, पेशी वाढल्या म्हणजे चांगलं का वाईट?” आणि नवऱ्याला तरी कुठे ठाऊक होते. तिकडे मुलीचे केस गेले, तोंडात फोड आले, ती आईच्या हातचे खाईना आणि आईच्याच अंगावर ओरडू लागली. इकडे सिहोऱ्यात शेजारणी कुजबुजू लागल्या की आईच्याच पोटाचा दोष असणार. एकीने आपल्या मुलांना त्या घराच्या ओट्यावर जायला बंदी केली. कॅन्सर हा लागट रोग नाही. लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये तो आईबापांकडून आलेलाही नसतो, त्यांच्या हातून घडलेल्या कुठल्या चुकीमुळे झालेलाही नसतो. हे साधे वाक्य त्या शेजारणींना सांगायला कोण गेले? कोणी नाही. आम्हीही नाही.

बापाचे हाल वेगळेच. दिवसा हातोडा आणि पान्हा घेऊन रुळावर, हिवाळ्यात रात्रीची पेट्रोलिंग. ज्यांनी हे काम केले नाही त्यांना सांगतो. पेट्रोलमन अंधारात बत्ती घेऊन रूळ तपासत मैलोगणती चालतो. मागून-पुढून शंभराच्या पुढच्या वेगाने गाड्या येतात. कान आणि डोळे सोडून त्याच्याजवळ दुसरे रक्षण नाही. आणि या माणसाचे कान परळच्या धर्मशाळेत होते. एका रात्री मागून येणाऱ्या मालगाडीचा आवाज त्याला ऐकूच आला नाही. जोडीदाराने हात धरून ओढले म्हणून वाचला. जोडीदाराने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर चार्जशीट बापालाच मिळाली असती.

आता आमच्या हसणाऱ्या साथीला आम्ही विचारतो: हा माणूस त्या रात्री कापला गेला असता तर तुम्ही ‘कामगाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न’ म्हणून गेटसभा घेतली असती की नाही? घोषणा दिल्या असत्या की नाही? मग तो जिवंत असताना त्याच्या मनाचा प्रश्न हा युनियनचा प्रश्न कसा नाही?

रजेचा नियम काय सांगतो

काही मंडळी म्हणतात, सरकारी नोकराला कशाची चिंता, रजा भरपूर. तर हिशेब मांडू. रेल्वे कामगाराला वर्षाला 30 दिवस पगारी रजा मिळते, म्हणजे आपली एल.ए.पी. अर्ध्या पगाराची रजा वर्षाला 20 दिवस. ही अर्धपगारी रजा पूर्ण पगारात बदलून घ्यायची तर डॉक्टरचे सर्टिफिकेट लागते, आणि ते कामगाराच्या स्वतःच्या आजाराचे लागते. मूल आजारी असेल तर चालत नाही. म्हणून कितीतरी बाप स्वतःच्या पोटदुखीचे खोटे सर्टिफिकेट आणून पोराजवळ बसतात. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारा हा नियम आहे. आणि शिल्लक रजा खात्यात असली तरी रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे त्याच नियमांत लिहून ठेवले आहे. माणसे कमी, काम जास्त, सेक्शनवर जागा रिकाम्या. साहेब रजा नाकारतो, आणि नियमाने त्याचेच बरोबर ठरते.

दुसऱ्या बाजूला आजार बघा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिले सहा-आठ महिने सर्वांत कठीण. त्यात कधी ताप चढेल आणि कधी दवाखान्यात धावावे लागेल याचा नेम नसतो. दोन-अडीच वर्षांचा आजार आणि वर्षाला पन्नास दिवस, तेही अर्धे-मुर्धे. हे गणित आम्हा मॅट्रिक पास माणसालाही सुटते. वरच्या साहेबांना का सुटत नाही?

सरकारला हे कळत नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर, 1 सप्टेंबर 2008 पासून, केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात 730 दिवसांची रजा मिळू लागली. ही चांगली गोष्ट झाली, आमच्या भगिनींनी ती झगडून मिळवली. सातव्या वेतन आयोगानंतर, 2018 च्या डिसेंबरपासून, ती पुरुषालाही मिळाली. पण कोणत्या पुरुषाला? एकट्याने मूल वाढवणाऱ्याला. म्हणजे बायको मेली, सोडून गेली किंवा लग्नच झाले नाही, तर सरकारच्या लेखी तो बाप. बायको जिवंत असून सहाशे मैलांवरच्या धर्मशाळेत जमिनीवर झोपत असेल, तर तो नुसता ट्रॅकमन. मूल जन्मले की बापाला 15 दिवस मिळतात. तेच मूल मरणाच्या दारात गेले तर एकही दिवस नाही. अवयवदान करणाऱ्या कर्मचाऱ्याला 2023 पासून 42 दिवसांची विशेष रजा आहे. म्हणजे मनात आणले की कलम सापडते.

आणखी एक विसंगती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. त्या मुलांच्या आईबापांनी वर्षानुवर्षे केलेल्या धडपडीला ते यश आहे आणि आम्ही त्यांना सलाम करतो. पण रक्ताचा कॅन्सर त्या यादीत नाही. त्यामुळे दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून जी सूट मागता येते, ती कॅन्सरच्या पोराच्या बापाला त्या आधारावर मागता येत नाही.

प्रवासाचे बघा. कॅन्सरच्या रोग्याला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये रोग्याचे तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. 2020 च्या मार्चमध्ये म्हाताऱ्यांच्या सवलतीवर कुऱ्हाड चालली तेव्हाही ही सवलत वाचली, ते बरे झाले. पण सोबती एकच. आता आम्हाला सांगा, पाच वर्षांच्या पोराबरोबर आई जाईल की बाप? रेल्वेचा कायम नोकर पासावर जाईल, त्याचे कसेतरी भागेल. प्लॅटफॉर्म झाडणारा ठेकेदाराचा माणूस काय करील? तो आईला आणि मुलाला पाठवील आणि स्वतः इथे राहील. घर कसे तुटते ते बघायचे असेल तर या एका नियमात बघा. लहान मुलाच्या बाबतीत आई आणि बाप दोघांना सोबती धरा, एवढीच मागणी आहे. वर्षाला देशात पन्नास हजारांच्या आसपास मुलांना नव्याने कॅन्सर होतो असा जाणकारांचा अंदाज आहे. इतक्या घरांच्या दुसऱ्या तिकिटाने रेल्वेचे दिवाळे वाजणार नाही.

ठेकेदाराच्या माणसाचे पोर

ठेकेदाराच्या माणसाचे म्हटले, तर ती गोष्टही सांगितली पाहिजे. लिहिताना हात अडतो, पण सांगतो.

आमच्या भागातल्या एका सफाई कामगाराचा अकरा वर्षांचा मुलगा. गुडघ्याच्या वर गाठ आली. सहा महिने तेल चोळणे, झाडपाला, अंगारा. दाखवायला नेले तोपर्यंत रोग फुप्फुसात पोचला होता. 2019 मध्ये मुलगा गेला. बाप चौथ्या दिवशी झाडू घेऊन प्लॅटफॉर्मवर हजर, कारण न येण्याचा दिवस म्हणजे पगार कापण्याचा दिवस. ठेकेदाराच्या मुकादमाने त्याला काय म्हटले असेल? “चलो, काम में मन लगाओ, भूल जाओगे.” ई.एस.आय.चा कार्डधारक असला तरी काय? त्या योजनेत कॅन्सरसारख्या आजारात 80 टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळते, पण आजारी कामगार स्वतः असला तरच. पोराला औषध मिळेल. पोराजवळ बसलेल्या बापाला मजुरी मिळणार नाही.

वर्षभराने आम्ही दुसऱ्याच कामासाठी त्याच्या घरी गेलो. चहा घेताना सहज मुलाचे नाव घेतले आणि त्याची आई स्वयंपाक सोडून बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, “दादा, सालभरात तुम्हीच पहिले नाव घेतलं त्याचं. लोक मले पाहून रस्ता बदलतात. मले वाटे, त्याचं नावच मिटलं का काय.” आम्ही काही भाषण केले नव्हते. नुसते नाव घेतले होते. ती बाई तासभर बोलत होती आणि तिचा नवरा, जो कधी बोलत नाही, तो मध्येमध्ये तिचे तपशील दुरुस्त करीत होता: “नाही, ती सायकल निळी होती.”

मन, भावना, आधार हे शब्द ऐकले की ज्यांना ही पोट भरलेल्यांची थेरं वाटतात, त्यांनी ही निळी सायकल लक्षात ठेवावी. गरिबाला भूक लागते तसे दुःखही होते. मालक आणि सरकार आपल्याला हात म्हणून मोजतात. आपणही एकमेकांना हात म्हणूनच मोजायचे का?

आणि उपदेश करणाऱ्यांचे काय सांगावे! पोराला कॅन्सर झाला की गावभरचे लोक डॉक्टर होतात. कोणी म्हणतो गोमूत्र पाजा, कोणी म्हणतो अमुक बाबाकडे न्या, कोणी शहाणा म्हणतो चांगले विचार करा म्हणजे रोग पळतो. पहिल्या दोघांनी मुलाचे नुकसान होते, तिसऱ्याने आईबापाचे. कारण रोग पळाला नाही की त्याचा अर्थ असा होतो की तुमचेच विचार कमी पडले. आधीच आई रात्रभर स्वतःला दोष देत असते की मी लवकर का नेले नाही. त्यात ही भर. बापाला तर रडायचीही मुभा नाही. “मर्द आहेस, तूच असा ढासळलास तर बाईमाणसाचे काय होईल?” मग मर्द दारूच्या गुत्त्यावर जाऊन रडतो. आमचा ट्रॅकमनही त्या वाटेवर चार महिने होता. पुढे आपोआप सावरला म्हणणारे आहेत. आपोआप सावरला नाही. ते पुढे सांगतो.

परळच्या फूटपाथवरून

तो ट्रॅकमन मुंबईत असताना आम्ही संघटनेच्या कामाने तिकडे गेलो होतो, आणि घाईत असल्याने त्याला भेटलो नाही, हेही कबूल करून टाकतो. परळचे टाटा हॉस्पिटल 1941 साली उभे राहिले. 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातला गरीब तिथे येतो. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, जिथे हे रोगी आणि त्यांची माणसे राहतात. ज्या बाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला आणि देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या, त्यांना जाऊन सत्तर वर्षे होत आली, तरी गरिबाला छप्पर त्यांच्याच नावाचे मिळते. जागा न मिळालेली कुटुंबे फूटपाथवर. हाच तो गिरणगाव. इथल्या चाळींत कोकणातल्या-घाटावरच्या एकेका गावाची एकेक खोली असायची. गावचा नवा माणूस आला की आधी तिथे उतरायचा. आधाराची ती रीत कामगारांनीच उभी केली होती, कुठल्या मालकाने नव्हे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या. रीत तरी आपण का विसरावी?

2006 साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू झाली. उपचारासाठी आलेल्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना ती फुकट राहायला जागा देते. प्रत्येक कुटुंबाला आपला कोपरा, आपली चूल, आपले सामान ठेवायचे कपाट. आई तिथे स्वतःच्या हाताने वरण-भात करते आणि शेजारच्या आईशी बोलते, जिचे पोर तिच्या पोराच्या सहा महिने पुढे आहे. या ‘सहा महिने पुढे’ असलेल्या आईचे मोल जगातल्या कुठल्या उपदेशकाला येणार नाही. “केस परत येतात गं, माझ्याचे आले बघ” हे वाक्य डॉक्टर बोलला तर माहिती असते, ती बोलली तर आधार असतो. उपचार पुरा झालेल्या मुलांसाठी टाटामध्ये 1991 पासून वेगळी तपासणी चालते, आणि बरी होऊन मोठी झालेली मुले आता नव्या घरांना धीर देतात.

यात एक रोकडा व्यवहारही आहे. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुले बरी होतात, आणि गरीब देशांत कित्येक ठिकाणी तीसही नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2030 पर्यंत निदान साठ टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य तिने 2018 साली ठेवले. गरीब देशांत मुले मरतात त्याचे एक मोठे कारण असे, की आईबाप उपचार अर्धवट सोडून गावी परततात. मुलावर प्रेम नसते म्हणून नव्हे. पैसा संपतो, नोकरी जाते, घरी दुसरे पोर आजारी पडते, आणि मुख्य म्हणजे मन थकते; पोर जरा बरे दिसू लागले की वाटते झाले, चला. ज्या दवाखान्यांनी राहायची जागा, जेवण, भाडे आणि समजावून सांगणारा माणूस उभा केला, तिथे सोडून जाणारे कमी झाले. म्हणजे आईबापांचा आधार हा औषधाचाच भाग ठरला. 2015 साली परदेशातल्या तज्ज्ञांनी अशा कुटुंबांसाठी पंधरा कलमांचे मानक छापले. त्यात आईबापांच्या मनाची सुरुवातीपासून विचारपूस आहे, घरच्या पैशाची अडचण बघणे आहे, भावंडांकडे लक्ष देणे आहे, आणि मूल दगावल्यावर दवाखान्याच्या माणसाने त्या घराशी संपर्क ठेवणे आहे. त्या सफाई कामगाराची बायको वेगळे काय मागत होती?

परदेशाची गोष्ट निघालीच आहे, तर कामगारांचीच एक सांगतो. फ्रान्समध्ये पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला, मॅथिसला, यकृताचा कॅन्सर झाला. बापाची रजा संपली. तेव्हा सोबतच्या कामगारांनी आपापल्या रजेतले दिवस त्याला देऊन टाकले. एकूण 170 दिवस. मुलगा 2009 च्या अखेरच्या दिवशी गेला, पण बाप त्याच्याजवळ होता. त्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि 9 मे 2014 रोजी तिथे कायदा झाला की कामगार आपली रजा अशा सोबत्याला देऊ शकतो. लोक त्याला मॅथिसचा कायदा म्हणतात.

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही चमकलो, कारण अगदी हेच आमच्या सिहोऱ्याच्या गँगने करू पाहिले होते. गँगचे अकरा जण एका कचेरीत गेले आणि म्हणाले, आमच्या खात्यातले पाच-पाच दिवस याच्या नावावर टाका. तिथला बाबू हसला. “रजा क्या उधारी की शक्कर है?” नियम नाही म्हणजे नाही. ज्यांनी कधी फ्रान्सचे नाव ऐकले नाही अशा अकरा माणसांना जे सुचले, ते आपल्या नियमावलीला सुचलेले नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रजा दान हा आमचा मुख्य मुद्दा नव्हे. कामगाराने कामगाराच्या ताटातला घास उचलून द्यायचा आणि मालकाने टाळ्या वाजवायच्या, याला आम्ही हक्क म्हणत नाही. फ्रान्समध्येही त्याच्या जोडीला आजारी मुलाजवळ राहण्यासाठी तीन वर्षांत 310 दिवसांची रजा आणि तिचा भत्ता आहे, आणि 2021 पासून गरज पडल्यास तेवढेच दिवस पुन्हा मिळतात. स्वीडनमध्ये मुलाच्या जिवाला धोका असेल तर आई आणि बाप दोघांनाही दिवसांची मर्यादा न ठेवता भत्ता मिळतो. आपल्याकडे तेवढे उद्या होणार नाही हे आम्हाला कळते. पण 730 दिवसांच्या रजेत ‘एकटा पुरुष’ या शब्दांपुढे ‘किंवा ज्याच्या मुलाला कॅन्सरसारखा जिवघेणा आजार आहे असा पिता’ एवढे शब्द घालायला कोणता खजिना लागतो?

कोणी म्हणेल, आज कॅन्सर, उद्या किडनी, परवा हृदय. यादी कुठे थांबवणार? आम्ही म्हणतो, यादी डॉक्टरांनी करावी. ई.एस.आय.ने केली की नाही? आणि जे म्हणतात लोक गैरफायदा घेतील, त्यांना एवढेच सांगणे की रजेसाठी पोराच्या कॅन्सरचे सोंग आणणारा बाप आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

रजेने सगळे सुटते असेही नाही. इथे आम्ही आमच्याच पूर्वीच्या मताविरुद्ध लिहीत आहोत. आम्हालाही वाटायचे, पैसा आणि रजा द्या, मन आपोआप ठिकाणावर येते. त्या ट्रॅकमनला शेवटी जोडीदारांनी ड्यूटी अदलाबदल करून सलग सुट्ट्या जमवून दिल्या, तर तो त्या घरात एकटा बसून पिऊ लागला. मुंबईला जायची त्याला भीती वाटत होती. मुलगी ओळखेल का, आपल्याला बघून रडेल का, आणि बायकोने विचारले की इतके दिवस कुठे होतास, तर काय सांगू. ही भीती त्याने कोणाला सांगितली? गँगच्या मेटला, तेही पाचव्या-सहाव्या दिवशी. मेट अंगठाछाप माणूस. तो रोज संध्याकाळी जाऊन त्याच्याकडे नुसता बसत असे. काही समजावत नसे. सहाव्या दिवशी तो बोलला. सातव्या दिवशी मेटने स्वतः त्याला मुंबईच्या गाडीत बसवले आणि स्वतःही बसला. सावरला तो असा.

सरकारने मनाच्या त्रासासाठी 14416 हा फोन नंबर 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू केला आहे. ‘टेली मानस’ म्हणतात. तो प्रत्येक गँगहटमध्ये, क्रू लॉबीत, स्टेशनाच्या नोटीस बोर्डावर लिहिलेला असावा. फोन उपयोगाचा आहेच, पण फोन घरी येऊन बसत नाही. रेल्वेत स्टाफ अँड वेल्फेअर इन्स्पेक्टर हे पद आहे. कामगार मेला की तो विधवेच्या सह्या घ्यायला येतो. ते काम गरजेचेच आहे. कामगाराचे पोर आजारी असताना त्याने महिन्यातून एकदा त्या घरी जावे, धाकट्या भावंडाच्या शाळेचे बघावे, आईला फोन करावा, हे त्याच्या कामात लेखी यावे. स्टाफ बेनिफिट फंडाच्या कमिटीवर युनियनची माणसे असतात, म्हणजे आपणच. त्यातून मोठ्या रेल्वे हॉस्पिटलात मुलांच्या आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलणारा एक समुपदेशक नेमा म्हणून आपण आजवर का बोललो नाही? हॉलिडे होम मागताना आपला आवाज खणखणीत असतो. तशाच दोन-दोन खोल्या परळला, नागपूरला आणि वाराणसीला मागा. वाराणसीचे लहरतारा येथले कॅन्सर हॉस्पिटल 2018 पर्यंत आपल्या रेल्वेचेच होते; आता टाटाकडे आहे आणि होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल म्हणून चालते. सिहोऱ्याहून ते मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ. आमच्या किती सभासदांना हे ठाऊक आहे?

आमच्या शाखेने तीन ठराव केले आहेत: आजारी मुलाच्या पित्याला 730 दिवसांच्या रजेत घ्यावे, लहान कॅन्सर रोग्याबरोबर आईबाप दोघांना प्रवास सवलत द्यावी, आणि उपचार चालू असेपर्यंत त्या कामगाराला रात्रीच्या पेट्रोलिंगवरून काढून दिवसाचे काम द्यावे. तिसरा ठराव सेक्शनच्या पातळीवर आजही अमलात येऊ शकतो. त्याला दिल्लीची सही लागत नाही. हे ठराव वरच्या बैठकांच्या विषयपत्रिकेत घ्यावेत म्हणून आम्ही महासंघाकडे पाठवले आहेत. इतर शाखांनीही पाठवावेत. बँक, विमा, पोस्ट, संरक्षण कारखाने, खाणी, सगळीकडची पोरे सारखीच आजारी पडतात.

बैठकीत हसलेल्या त्या साथीबद्दल एक राहिले. लेखाचा कच्चा मजकूर आम्ही त्यांना वाचायला दिला. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला, परत देताना म्हणाले, “ते हसण्याचं असू द्या तसंच, काढू नका.” नंतरच्या रविवारी ते त्या सफाई कामगाराच्या घरी गेले होते असे कळले. ट्रॅकमनची मुलगी आता शाळेत जाते. तिला दर काही महिन्यांनी तपासणीसाठी मुंबईला न्यावे लागते. पुढच्या खेपेला आई जाणार की बाप, हे त्या घरात अजून ठरायचे आहे.

— शाखा सचिव, रेल्वे कामगार संघटना, सिहोरा रोड